लाकडाला तिथी लागते

मे महिना सरता सरता मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर एक काम गाजावाजा न होता उरकलं जातं. होड्या पाण्यातून ओढून भरतीच्या रेषेपलीकडे आणतात, खाली ओंडके सारतात आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घालून घरासारख्या शाकारून टाकतात. हल्ली झापांच्या जागी निळं प्लॅस्टिक जास्त दिसतं. मग पाऊस येतो, समुद्र गढूळ होतो, आणि दोन-अडीच महिने किनाऱ्यावर नुसते उंचवटे दिसत राहतात. पाहणाऱ्याला वाटावं, दमलेल्या होड्या विसावल्या आहेत. पण लाकडाला फार विसावा मानवत नाही.

खारं पाणी लाकडाला टिकवतं आणि गोडं पाणी त्याला कुजवतं. समुद्रात वर्षानुवर्षं सुखानं राहणारी फळी पावसाचं पाणी सांध्यात साचलं की आतून पोखरली जाते. म्हणून हे छप्पर. पण छपराखाली वेगळाच त्रास सुरू होतो. समुद्रात असताना फळ्यांनी पाणी पिऊन एकमेकींना घट्ट धरलेलं असतं. किनाऱ्यावर ते पाणी हळूहळू उतरतं, फळी अंगानं थोडी आकसते, सांध्यात ठासलेला कापूस सैल होतो. एक पावसाळा होडीला सोसतो. वर्ष-दोन वर्षं ती तशीच पडली, वर मे महिन्याची उन्हं खाल्ली, की फटीतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. होड्या बांधण्यात आयुष्य घालवलेले एक म्हातारे मेस्त मला म्हणाले होते, "होडयेक पाणी पाजूक व्हया, नायतर ती सुकान मरतली." होडी बुडून मरते, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. ती कोरडी राहूनही मरते.

म्हणून श्रावण लागला की किनाऱ्यावर जी धांदल उडते, तिच्याकडे मी सणाची तयारी म्हणून पाहत नाही. छपरं उतरतात. बुडाला चिकटून वाळलेले शिंपले खरवडले जातात. सांध्यांतला जुना कापूस उकरून नवा ठासतात; त्या ठोक्यांचा आवाज वाडीच्या पार मागच्या आळीपर्यंत ऐकू जातो. मग तेल. माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल फळ्यांना पाजलं की त्याचा उग्र दर्प कपड्यांना, हातांना, चहाच्या कपालासुद्धा लागतो. शेवटी रंग, नाळेवर नाव, आणि एका भरतीला सगळ्यांनी मिळून ती पाण्यात लोटायची. लोटल्या लोटल्या ती थोडं पाणी घेते. नवख्याला धडकी भरते; तांडेल मात्र डबा घेऊन शांतपणे पाणी उपसत बसतो. एक-दोन दिवसांत फळ्या फुगतात, सांधे मिटतात, पाणी येणं थांबतं.

मग नारळी पौर्णिमा. पताका, झेंडूच्या माळा, नाळेला हळदकुंकू, घराघरांत नारळीभात. मालवणात बंदर जेटीवर मानाचं श्रीफळ दर्याला अर्पण होतं, त्यासाठी सारं गाव लोटतं, आणि बाजूला नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. एकाचा नारळ दुसऱ्याच्या नारळावर आपटायचा, फुटला तो हरला. मुंबईत वरळीला, वेसाव्याला कोळीवाड्यांतून मिरवणुका निघतात. सजलेल्या होड्या बघायला लोक येतात, फोटो काढतात. हे एका अर्थानं होड्यांचं प्रदर्शनच आहे, आणि त्याला आयोजकांची नोंदणी लागत नाही. पण या दिवसाचं खरं काम त्याच्या आधीच्या पंधरवड्यात झालेलं असतं. पौर्णिमा ठरलेली आहे, ती कुणासाठी पुढे ढकलली जात नाही, म्हणून कापूस ठासला गेला, म्हणून तेल दिलं गेलं. लाकडाला निगा लागते हे सगळेच जाणतात. निगेला मात्र तिथी लागते. ती नसेल तर शहाण्यातला शहाणा माणूससुद्धा 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणतो, आणि लाकूड पुढच्या आठवड्याची वाट पाहत नाही.

रापणीच्या होडीपाशी हे आणखी स्पष्ट होतं. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या रापणीच्या होड्या खिळ्यांशिवाय बांधलेल्या असत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीनं त्या एकमेकींना शिवायच्या. लाटेबरोबर येऊन होडी वाळूवर आदळते तेव्हा खिळ्यांनी जखडलेली फळी तडकते, शिवलेली फळी किंचित हलते आणि धक्का पचवते. एका बाजूला उलांडी असते, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका, त्यामुळे अरुंद होडी कलंडत नाही. पण काथ्या कायमचा नाही. तो झिजतो, कुजतो, मग टाके उसवून पुन्हा घालावे लागतात. हे एकट्याचं काम नाही. एकानं आतून दोरी ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून. रापणही एकट्याची नसते. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं टाकत जाते, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा जाळं ओढत राहतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, हातांचा, ज्याचा त्याचा वाटा. एवढ्यांची मिळून असलेली वस्तू एकाच्या आळसानं कुजू शकत नाही. कुणीतरी तगादा लावतोच.

तिथीची ताकद काय असते हे पाहायचं तर गोव्यातल्या साखळीला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री जावं. विठ्ठलापुरात विठ्ठल मंदिराजवळ वाळवंटी नदीत लोक घरी केलेल्या होड्या सोडतात. त्यांत माणूस बसत नाही. त्या दिव्यांनी उजळलेल्या, हातानं बनवलेल्या प्रतिकृती असतात, त्यांची स्पर्धा लागते आणि काठावर रात्रभर गर्दी हलत नाही. व्यवहारानं पाहिलं तर या होड्यांचा उपयोग शून्य. पण कार्तिकातल्या एका रात्रीसाठी कुठल्या तरी घरात बाप आणि मुलगा नाळेचा बाक कसा काढायचा यावर वाद घालतात, हा उपयोग मला थोडाथोडका वाटत नाही.

जगात इतरत्र जिथे जिथे लाकडी नावा टिकून आहेत, तिथे बहुधा अशी एखादी तिथी सापडते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, प्युजेट साउंडच्या तोंडाशी पोर्ट टाउन्सेंड नावाचं छोटं गाव आहे. १९७७ साली तिथे लाकडी नावांचा पहिला मेळावा भरला आणि तेव्हापासून सप्टेंबर म्हटलं की त्या गावाला दुसरं काही सुचत नाही. फायबरग्लासनं बाजार काबीज केला होता, लाकडी नाव ही आजोबांची अडगळ ठरू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. धक्क्यावर शेकडो नावा लागतात: स्वतःच्या परसात बांधलेल्या वल्ह्यांच्या होडक्यांपासून 'ॲडव्हेंचरेस' या १९१३ सालच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजापर्यंत. अखेरीस शिडं उभारून त्या खाडीत एकत्र फिरतात. मेळाव्यामागून १९८१ मध्ये जवळच लाकडी नावा बांधायला शिकवणारी शाळा निघाली. आधी बघे जमले, बघ्यांतून हौशी निघाले, हौशींमुळे शिकवणारे टिकले. आपल्याकडे हा क्रम उलटा असतो: शिकवणारे गेले की मग आपण समिती नेमतो.

ऑस्ट्रेलियात टास्मानियाची राजधानी होबार्ट इथे १९९४ पासून दर दोन वर्षांनी असाच मेळावा भरतो. तिथल्या नावांचं कौतुक करताना माणसं आधी नाक पुढे करतात, कारण तिथलं ह्यूऑन पाइन हे लाकूड गोडसर, तिखट वासाचं असतं. त्यात मुरलेल्या तेलामुळे समुद्रातले लाकूड पोखरणारे जीव त्याच्या वाटेला जात नाहीत. हे झाड वाढतं इतकं सावकाश की खोड वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतं, आणि जगतं हजार-दोन हजार वर्षं, कधी त्याहूनही अधिक. एकोणिसाव्या शतकात माणसांनी नद्यांच्या काठची जंगलं अधाशासारखी तोडली. आता जिवंत झाडाला हात लावता येत नाही. पडलेले, पुरात वाहून आलेले, पाण्याखाली गेलेले ओंडके वेचून वापरतात. त्यामुळे तिथे जुनी नाव दुरुस्त करणं ही केवळ हौस उरलेली नाही. तसं लाकूड पुन्हा तयार व्हायला लागणारा काळ कुणाच्याच हाती नाही. धक्क्यावर १८६७ साली बांधलेली 'मे क्वीन' ही मालवाहू नाव आजही पाण्यात उभी असते.

आपल्या सागालाही असंच तेल आहे, आणि त्याची साक्ष इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून बांधली गेली. ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई होती, म्हणून त्यांना मुंबईच्या सुतारांकडे यावं लागलं. आज लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात. ज्या मुंबईनं ती बांधली, त्या मुंबईत तिच्याविषयी विचारलं तर किती जणांना सांगता येईल, हा प्रश्न मी सहसा विचारत नाही. उत्तर ऐकून वाईट वाटतं.

तरी अगदीच हताश व्हावं अशी स्थिती नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या वळणावर. पाचव्या शतकातल्या त्याच चित्रावरून भारतीय नौदलानं एक शिवलेलं जहाज बांधून घेतलं. आराखडा नव्हता, मापं नव्हती. होतं ते चित्र आणि केरळातल्या कारागिरांचे हात. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी फळ्या काथ्यानं शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते जहाज 'कौंडिण्य' या नावानं नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरमध्ये पोरबंदरहून मस्कतच्या दिशेनं निघालं. मला या कथेत चित्रापेक्षा हातांचं मोल अधिक वाटतं. चित्र दीड हजार वर्षं भिंतीवर थांबू शकलं. काथ्याचा टाका किती ताणायचा हे ज्ञान भिंतीवर थांबत नाही. ते एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हातात घालावं लागतं, आणि मध्ये एकच पिढी चुकली तरी संपतं.

हे सगळं लिहिताना फायबरच्या होडीला नावं ठेवायचा मोह होतो. तो आवरायला हवा. सागाच्या फळीचा भाव आणि डिझेलचा खर्च ज्याच्या छातीवर बसलेला आहे, त्याला 'लाकडाची शोभा वेगळीच' असं शहरातून आलेल्या माणसानं सांगू नये. फायबर हलकं, दरवर्षी कापूस मागत नाही, चार महिने उन्हात पडलं तरी रुसत नाही. मच्छिमारानं हिशेब केला आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात एक रकाना नव्हता. जी होडी कुणाकडून काही मागत नाही, तिच्याभोवती कुणी जमतही नाही. साचा एकदा आला की मेस्त लागत नाही. मेस्त लागत नाही म्हटल्यावर त्याचा मुलगा वाकस खाली ठेवतो आणि गवंड्याच्या हाताखाली जातो. बाभळीचं वाकडं खोड पाहून 'यात वाक लपलेला आहे' असं ओळखणारी नजर त्या दिवसापासून गावात उरत नाही, आणि ते खोड जळणात जातं.

म्हणून वाटतं, आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांचा मेळावा भरावा. मालवणला, हर्णैला, अलिबागला, कुठेही. नवा मुहूर्त शोधायची गरज नाही, पौर्णिमा तयारच आहे. पण दोन-तीन अटी असाव्यात. होडी टेम्पोवरून येऊ नये. वल्ह्यानं किंवा शिडानं पाण्यातून यावी, निदान वाडीपासून बंदरापर्यंत. मेस्ताला सत्काराची शाल देऊन खुर्चीत बसवू नये. त्याच्या हातात वाकस आणि समोर कच्ची फळी असावी, आणि पोरांनी त्याच्या आजूबाजूला छिलका गोळा करत लुडबुड करावी. प्रत्येक होडीपाशी ती कुणी बांधली त्याचं नाव मालकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं. आपल्याकडे होडीवर देवाचं नाव असतं, मालकाचं असतं, कधी नातवाचंही असतं. बांधणाऱ्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. आणि ज्यांनी फायबर घेतलं त्यांनाही बोलवावं. त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात एखादी जुनी होडी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली असते. पुढच्या पौर्णिमेला ती आणायची, एवढं ठरलं तरी पुरे.

भाषणं होतील, पुढारी येतील, फ्लेक्स लागतील. ते चुकत नाही. मग या मेळाव्याचं यश मोजायचं कशानं? किती माणसं आली यावरून मोजू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे, पुढारी झोपलेले असताना, किनाऱ्यावर जाऊन बघावं. आदल्या दिवशी मिरवलेल्या होड्यांपैकी जेवढ्या वाळूवर उरल्या असतील तेवढा मेळावा फसला. सगळ्या मासळीला गेल्या असतील, तर तिथे पाहण्यासारखं काहीच नसेल, आणि तेच आपल्याला हवं होतं.