आकड्याचे मोल

प्रत्येक नोटेवर दोन आकडे असतात. एक तिची किंमत सांगतो, दुसरा केवळ तिची ओळख. व्यवहारी माणूस पहिला पाहतो. दुसऱ्याकडे त्याचे लक्षही जात नाही. परंतु या दुसऱ्या आकड्यावरच जीव जडलेली माणसे आहेत. निंबर्गा येथील एक वयोवृद्ध शिक्षक त्यांपैकीच होते. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी आणि नोटांनी भरलेला पत्र्याचा डबा राहिला. शेताची वाटणी एका बैठकीत झाली. डब्याची तीन बैठकांतही होईना.

थोरले म्हणाले, "वकीलसाहेब, नोट ती नोट. दर्शनी किमतीने वाटून टाका." धाकट्यांनी कुठल्याशा जाहिरातीत वाचले होते की, ७८६ क्रमांकाची नोट लाखाला जाते. बहीण गप्प होती.

रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील २६ व्या कलमाप्रमाणे नोट तिच्यावर लिहिलेल्या रकमेपुरतीच चलनी होय. पण हे झाले नोट खर्च करण्यापुरते. वाटणीत वस्तूचे बाजारमूल्य पाहावे लागते, आणि ते ठरविण्यास आधी गणित हवे. सहा अंकी क्रमांकांच्या एका पूर्ण मालिकेत सुमारे दहा लाख नोटा असतात. त्यांत सहाही अंक सारखे असलेल्या अवघ्या नऊ. अखेरीस ७८६ येणाऱ्या मात्र एक हजार. म्हणजे शंभर नोटांची दहा सलग पुडकी फोडली की एक बहुधा हाती लागतेच. बिस्मिल्लाच्या अक्षरांची बेरीज म्हणून या अंकास मुसलमान बांधव पवित्र मानतात. तेथे मागणी आहे ती श्रद्धेमुळे, दुर्मिळतेमुळे नव्हे. क्रमांकात तारा असलेल्या नोटेचेही तसेच. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी ती घालण्याची पद्धत २००६ साली सुरू झाली. तारा आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आणि दुर्मिळही ठरत नाही.

गणितानंतर नोटेची स्थिती. एक घडी, पिनेचे एक छिद्र, आणि किंमत उतरते. देवापुढे ठेवलेल्या नोटेस लागलेले हळदीकुंकू भक्ताच्या दृष्टीने तिचे मोल वाढविते, संग्राहकाच्या दृष्टीने घटविते. शेवटी पाहावयाचे ते हे की, तशी नोट कोणी प्रत्यक्ष किती रुपये मोजून घेतली. विकणाऱ्याने मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. ती केवळ इच्छा.

धाकट्यांच्या त्या जाहिरातदाराने विक्रीपूर्वी 'नोंदणी शुल्क' मागितले होते, तेही रिझर्व्ह बँकेच्या नावाने. जुन्या नोटांच्या व्यवहारात आपण कसलेही शुल्क घेत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. तो दाखविल्यावर धाकट्यांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. डब्यात पाचशेच्या चार रद्द नोटाही निघाल्या. २०१७ च्या कायद्याने अशा दहापर्यंत, आणि अभ्यास वा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत नोटा बाळगता येतात. म्हणून त्यांची चिंता नव्हती.

तळाशी हाली सिक्क्याची एक नोट होती. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना सात हाली रुपयांस सहा कलदार मिळत. १९५९ साली हाली चलन कायमचे गेले. कायद्याच्या लेखी तिची किंमत आज शून्य. आकडा साधा, कागद मळका, मधोमध घडी. तरी बहीण तेव्हा प्रथमच बोलली, "आजीने ही देव्हाऱ्यात ठेवली होती. मला एवढीच द्या."

सहा सारख्या अंकांची शंभराची एक नोट तेवढी संग्राहकाकडे गेली आणि आलेल्या पैशांचे तीन समान भाग झाले. ७८६ च्या नोटा दर्शनी किमतीनेच वाटल्या गेल्या. हाली नोटेचा भाव मात्र तिघांपैकी कोणी विचारला नाही, आणि वाटणीपत्रात मीही तिच्यापुढे रक्कम लिहिली नाही.