बरोबरीत सुटलेला हंगाम

गुणतक्ता मी खालून वर वाचतो. पहिला कोण आला हे मथळ्यातच ओरडून सांगितलेलं असतं. तळाला कोण गेलं, कोण एका गुणाने वाचलं, हे मात्र बारीक टायपात शोधावं लागतं, आणि शोधून मिळालेल्या गोष्टीची मजा निराळीच.

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा प्रत्येक बातमीत एक ओळ होतीच: ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे. म्हणून तो 2016–17 चा तक्ता पुन्हा काढला आणि सवयीने तळाकडून सुरुवात केली. दहावा आणि शेवटचा: मुंबई एफसी. तिथेच अडकलो. जमील 2009 पासून याच संघाचे प्रशिक्षक होते. 2016 मध्ये मुंबईने त्यांना मोकळं केलं आणि ते मिझोरमच्या डोंगरातल्या ऐझॉलला गेले. पुढच्याच मोसमात मुंबई शेवटची आली, ऐझॉल पहिलं आलं. मधल्या आठ ओळींत बंगळुरू, ईस्ट बंगाल, मोहन बागान अशी पैशाची आणि पुण्याईची नावं. तळाने सोडलेला माणूस आणि शिखराला लागलेला माणूस एकच. एवढा योगायोग कथेत घातला तर संपादक परत पाठवतील.

खरं तर ऐझॉल त्या वर्षी लीगमध्ये असायलाच नको होतं. आधीच्या मोसमात नऊ संघांत ते आठवे आले होते. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण तो नव्याने दाखल झालेला, म्हणून त्याला खाली ढकलायचं नाही, असं आधीच ठरलेलं. म्हणजे शेवटचा पास आणि शेवटून दुसरा नापास! ऐझॉलने गाशा गुंडाळला. मग 2016 मध्येच गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही देशातली पहिल्या दर्जाची लीग आणि आय-लीग तिच्याखाली, असा बेत भारतीय फुटबॉल महासंघाने मांडला होता. त्याचा तो निषेध होता. धेंपो म्हणजे पाच वेळचे राष्ट्रीय विजेते. तसले क्लब निघून गेले, तेव्हा संख्या भरून काढायला ऐझॉलला परत बोलावलं. पंगतीत पानं उरली म्हणून हाक मारलेला पाहुणा.

आणि त्या पाहुण्याकडे आला हा प्रशिक्षक, ज्याची ख्याती होती ती न हरण्याची. जिंकण्याची नव्हे, हे नीट वाचावं. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा, प्रेक्षक बेताचे. कूपरेज मैदानाची दुरुस्ती चालू असताना काही मोसम तर या मुंबईच्या संघाने आपले घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळले. (मुंबईकराने पुण्याला घर म्हणायचं! बरोबरी पत्करण्याची तयारी तिथूनच झाली असणार.) जमील यांच्या हाताखाली हा संघ चमकला नाही, पण लीगमधून कधी खालीही गेला नाही. मागे माणसं दाटीवाटीने उभी करायची, शून्य-शून्य किंवा एक-एक करून गुण खिशात टाकायचा. क्रीडा पानांवर या खेळाला कंटाळवाणा म्हणत. मला तो आवडायचा. याला माझे मामा कारण आहेत.

मामा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. सकाळची पाळी संपली की पावसाळ्यात कधीतरी ते मला कूपरेजवर न्यायचे. चर्चगेटला उतरायचं आणि ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जायचं. पावसामुळे ओव्हलवर क्रिकेट नसे, आणि मामांना त्याचा आनंद लपवता येत नसे. क्रिकेटला ते ‘उन्हातला खेळ’ म्हणत, त्यापुढे काही बोलत नसत. कूपरेजच्या ओल्या पायऱ्यांवर ‘नवाकाळ’ची पानं अंथरायची. मधलं पान माझ्या वाट्याला, कारण ते जास्त कोरडं.

रोव्हर्स कपची मोठी गर्दी मामांनी तरुणपणी पाहिलेली होती. हैदराबाद पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं तो कप नेला, हे ते घरातलीच घटना असल्यासारखं सांगायचे, जरी त्या वेळी ते पाळण्यात असतील. पण त्यांचा खरा जीव मुंबईच्या हारवुड लीगवर. तिथे कारखान्यांचे, बँकांचे, रेल्वेचे, विमान कंपन्यांचे संघ. मफतलाल, टाटा, ऑर्के, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ. खेळाडू म्हणजे क्रीडा कोट्यातून लागलेले कारकून, तपासनीस, खलाशी. जर्सीच्या आत प्रत्येकाचा एक हजेरीपट होता.

एक सामना आठवतो. रेल्वे विरुद्ध कुठली तरी बँक. मैदानाचा चिखल झालेला, मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांच्या जर्सी एकाच रंगाच्या. मी चेंडू शोधत होतो. मामा चेंडूकडे बघतच नव्हते. “चेंडूकडे काय सगळेच बघतात,” ते म्हणाले, “तू त्या डाव्या बॅककडे बघ.” डावा बॅक चाळिशीकडे झुकलेला, पोट किंचित सुटलेलं. समोर बँकेचा उजवीकडचा पोरगा, नुसता वारा. पहिल्या अर्ध्या तासात त्या पोराने बॅकला दोनदा चिखलात बसवलं. लोक हसले. मग बॅकने एक केलं: पोराच्या मागे धावणं सोडलं. तो आधीच जाऊन उभा राहू लागला, जिथे पोरगा थोड्या वेळाने पोहोचणार होता तिथे. पोरगा यायचा, हा तिथे असायचाच. न घाई, न धक्का. उत्तरार्धात पोराने बाजू बदलली. मामांनी मांडीवर थाप मारली. “गेला बघ. हरला तो.” गुणफलकावर तेव्हाही शून्य-शून्यच होतं.

शेवटी शेवटी रेल्वेच्या गोलसमोर डबक्यात चेंडू रुतला. तीन-चार जण त्यावर लाथा मारताहेत, पाणी उडतंय, चेंडू जागचा हलत नाही. गोलरक्षकाने पुढे येऊन सरळ त्यावर अंग टाकलं. पंचाने शिट्टी दिली. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती, कारण कोणीही जिंकलं नव्हतं.

सामन्यानंतर डावा बॅक नळावर पाय धूत होता. मामांची त्याच्याशी ओळख असावी, किंवा नसेल. रेल्वेतले लोक ओळख नसतानाही बोलतात.

“रजा मिळाली का?” मामांनी विचारलं.

“अर्धी,” तो म्हणाला. “रात्री ड्युटी आहे.”

घरी गेल्यावर मामीने विचारलं, “कोण जिंकलं?”

“कोणी नाही. फार छान झाला.”

“मग गेला होता कशाला एवढं भिजायला?”

मामांनी उत्तर दिलं नाही. पायमोजे पिळून दोरीवर घातले.

हारवुड लीगमधले कित्येक संघ काळाच्या ओघात गेले. गिरण्याच गेल्या, तिथे त्यांचे फुटबॉल संघ कुठून राहणार? महिंद्र युनायटेडने 2005–06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, मुंबईला तो मान मिळवून दिला, आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. जमील याच मातीतले: जन्म कुवेतमधला, पण खेळले महिंद्रकडून, एअर इंडियाकडून, मग मुंबई एफसीकडून. मधल्या फळीतला खेळाडू. त्यांच्या संघांना तो डाव्या बॅकचा हिशेब ठाऊक होता, असं मला वाटत राहतं. धावून पोहोचता येत नाही तर आधीच जाऊन उभं राहायचं. खिशात पैसे कमी असलेल्या शहाण्या माणसाचा खेळ आहे हा.

ऐझॉलला त्यांनी काय नेलं, तर मुंबईची काही मुलंही नेली. जयेश राणे, आशुतोष मेहता, दोघेही मुंबई एफसीतून आलेले. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सिरियाचा महमूद अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. आणि बाकी बहुतेक मिझो पोरं. अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत. आपल्या एखाद्या उपनगरात मावेल एवढी. पण तिथे फुटबॉल गल्लीतला खेळ आहे. 2014 मध्ये मिझोरमने राज्यांमधली संतोष ट्रॉफी जिंकली होती, तेव्हाच खरं म्हणजे सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

ऐझॉलने त्या मोसमात नुसता तग धरला नाही, हेही सांगायला हवं. अठरापैकी अकरा सामने जिंकले. 22 एप्रिल 2017 ला मोहन बागान ऐझॉलला आला आणि सामना बरोबरीकडे निघालेला असताना 83 व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने गोल केला. एक-शून्य. बचावपटूने, हे मला विशेष आवडतं. आता शेवटच्या सामन्यातून एकच गुण हवा होता.

30 एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजाँगविरुद्ध. ऐझॉलहून डोंगरातल्या त्या रस्त्यांनी माणसं लोटली होती. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. इथली हार आणि तिथली जीत जुळली असती, तर गुण झाले असते 36–36. पूर्वार्ध गेला. मग 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू आत घातला. एक-एक. उरलेला वेळ ऐझॉलने कसा काढला असेल, हे कूपरेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. बागानने आपला सामना 2–1 ने जिंकला. ऐझॉल 37, बागान 36. ईशान्येकडच्या संघाने देशाची लीग जिंकली ती पहिल्यांदा, आणि जिंकली ती बरोबरीत सोडवलेल्या सामन्यावर.

इथे मी मनातल्या मनात मामांना टाळी दिली आणि लगेच एक खोडसाळ हिशेब केला. मला विजयाचे तीन गुण पसंत नाहीत. पूर्वी जिंकल्यावर दोन आणि बरोबरीला एक मिळे. 1981 मध्ये इंग्लंडच्या लीगने विजयाला तीन केले आणि पुढे सगळीकडे तेच झालं. त्यांना गोल हवे होते, गर्दी हवी होती. बरोबरी तेव्हापासून निम्म्याहून स्वस्त झाली. म्हटलं, जुन्या भावाने ऐझॉलचे किती झाले असते? अकरा विजय, चार बरोबरी: 26. बागानचे दहा विजय, सहा बरोबरी: 26! शिवाय बागान हरला दोनदाच, ऐझॉल तीनदा. म्हणजे माझ्या लाडक्या पद्धतीने, मामांच्या न्यायाने, त्या मोसमातला खरा चिवट संघ कोलकात्याचाच निघायचा. कागद घडी घालून ठेवून दिला. काही हिशेब करू नयेत.

पुढचं झटपट सांगतो, कारण त्यात रस घ्यावा असं थोडंच आहे. विजेत्या ऐझॉललाच आपलं वरच्या दर्जाचं स्थान टिकावं म्हणून आंदोलनाची भाषा करावी लागली. जमील आणि अल अम्ना दोघेही ईस्ट बंगालला गेले. आयएसएल वर गेली, आणि तिच्यात बरीच वर्षं तळाच्या संघाला काहीही होत नसे. शेवटचा येऊनही पुढच्या वर्षी खुशाल हजर. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स, महाराष्ट्राचे दोन्ही संघ त्या मोसमानंतर आय-लीगच्या तक्त्यात पुन्हा दिसले नाहीत.

हे सगळं मी कोल्हापूरच्या मित्राला फोनवर ऐकवलं. तो शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्यांना लहानपणापासून जाणारा, पाटाकडील तालमीचं नाव काढलं की आवाज चढणारा. डाव्या बॅकची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली. दोन गुण, तीन गुण, 26 आणि 26, तेही ऐकलं. मग म्हणाला, “ते तुझं मुंबईचं ऱ्हाऊ दे लेका. आमच्याकडं असलं अर्ध्यात सोडून चालत न्हाई, पब्लिक घरी जायचं न्हाई. बरोबरी झाली न्हवं? मग टायब्रेकर घ्या की!”