विसावा आणि खाडा

सणासुदीच्या दिवसांत माणसाच्या हातून ज्या गोष्टी सुटतात, त्या त्याने ठरवून सोडलेल्या असतात असे क्वचितच घडते. दसऱ्याला घरी पाहुणे असतात म्हणून तालमीत पाऊल पडत नाही. मग कोजागरी येते, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. तुळशीचे लग्न लागते न लागते तोच नाताळ आणि नववर्ष, आणि त्यांच्या पाठोपाठ संक्रांत. एका सणाने दुसऱ्याच्या हाती सोपवावे, तसे अंगाचे कष्ट पुढे पुढे ढकलले जातात. कुस्ती असो, ज्युडो असो वा कराटे, या तीन-चार महिन्यांत सराव टिकवणे ही आमच्या तरुण मुलामुलींची खरी कसोटी आहे, असे आम्हांस अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून वाटू लागले आहे.

बारामतीहून निरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील माळेगाव बुद्रुक हे गाव आम्हांस चांगले परिचयाचे आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख. साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ करण्याची रीत आहे. पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि गळिताचा हंगाम सुरू होतो. एकदा सुरू झाला की तो रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालतो, कारण तोडलेला ऊस पडून राहिला तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. यंत्रांच्या साफसफाईसाठी कारखाना मध्येच थांबवावा लागतो हे खरे. परंतु थांबतानाच पुन्हा सुरू होण्याची वेळ ठरलेली असते. तो झाला विसावा. याउलट एखादा कामगार कोणास न सांगता घरी राहिला, तर हजेरीपटावर त्याचा खाडा मांडला जातो. बाहेरून पाहता दोहोंतही काम थांबलेलेच दिसते. फरक एवढाच की विसाव्याला परतीची वेळ असते, खाड्याला ती नसते.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबातील मुलगा चौदाव्या वर्षी पुण्यातील एका तालमीत राहावयास गेला. दूध, तूप आणि बदामाचा खर्च वडील दरमहा पाठवीत. एका वर्षी त्यासाठी गोठ्यातील म्हैस विकावी लागली. मुलाच्या अंगी गुण होता. अठराव्या वर्षी तो दिवाळीसाठी घरी आला आणि भाऊबीज झाल्यावर निघणार होता. तेवढ्यात चुलतभावाचे लग्न ठरले. लग्न पार पडले तोच उसाला तोड आली, आणि शेतावर एक माणूस हवाच होता. माघात वस्तादांचा निरोप आला, तेव्हा अंग जड झाले होते आणि जोडीदारांसमोर लंगोट लावून उभे राहण्याची लाज वाटू लागली होती. आज तो ट्रॅक्टर चालवतो, संसार नेटका करतो. त्याचे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कुस्ती केव्हा सोडलीस असे विचारले, तर त्याला तारीख सांगता येत नाही. त्याने ती कधी सोडलीच नव्हती.

एका वृद्ध वस्तादांपाशी आम्ही हा विषय काढला. ते म्हणाले, “फादर, पोरगं पडलं तर त्याला उठवता येतं. आलंच नाही, तर मी कुणाला उठवू?” मग त्यांनी हौद्याकडे बोट दाखवले. तालमीच्या लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालतात, हे पुष्कळांस ठाऊक असते. ती माती सरावापूर्वी खणून भुसभुशीत करावी लागते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आठ-पंधरा दिवस फावडे लागले नाही की ती आवळते. कठीण झालेल्या मातीवर पाठ आपटली तर इजा होते. “अंगाचंही तसंच आहे,” वस्ताद म्हणाले.

शरीरशास्त्र त्यांच्या म्हणण्यास दुजोरा देते आणि थोडा दिलासाही देते. सराव पूर्ण थांबला तरी दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी घटत नाही. दम मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच उतरू लागतो. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही तरुणांनी आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे, असे १० आठवडे कठोर व्यायाम करून दम वाढवला. पुढे १५ आठवडे काहींना ४, तर काहींना केवळ २ दिवस व्यायाम दिला गेला. व्यायामाचा जोर तोच ठेवला होता. दोन्ही गटांत कमावलेला दम जवळजवळ टिकून राहिला. मात्र १९८५ च्या अभ्यासात व्यायामाचा जोरच कमी केला, तेव्हा तो टिकला नाही. याचा साधा अर्थ असा की सणाच्या दिवसांत सरावाचे दिवस कमी झाले तरी चालतील, परंतु जो सराव होईल तो मनापासून व्हावा. अंगणात तासभर रेंगाळण्यापेक्षा वीस मिनिटांचे दमदार जोर आणि बैठका अधिक उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात तर हे दिवस मल्लाच्या परीक्षेचेच असतात. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यातील महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत बालेवाडीत ७ जानेवारी २०२० रोजी झाली. म्हणजे नाताळ आणि नववर्ष नुकतेच सरले होते. शिवराज राक्षे यांनी पुण्यात हा किताब जिंकला तो १४ जानेवारी २०२३ रोजी, भोगीच्या दिवशी. त्याच वर्षी फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी राक्षे यांना हरवले, तो १० नोव्हेंबरचा दिवस धनत्रयोदशीचा होता. घरोघरी कढईत चकल्या तळल्या जात होत्या, तेव्हा हे मल्ल आखाड्यात उभे होते. ज्याने दसऱ्यापासून खाडे केले असतील, त्याला अशा दिवशी उभे राहता येत नाही.

तथापि चकलीचा उल्लेख निघाला म्हणून एका माऊलीचा प्रश्न वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. तिचा मुलगा दिवाळीत घरी आला आणि फराळाच्या ताटाला त्याने हातही लावला नाही. ती आम्हांस म्हणाली, “फादर, वर्षातून एकदा लेकरू घरी येतं. त्याच्या पानात एक करंजीसुद्धा वाढायची नाही का?” तिच्या डोळ्यांत पाणी होते. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन खुराक पुरवला, त्या घराचा सण झिडकारणे ही साधना नव्हे. त्यात अहंकाराचा अंश आहे. एका करंजीने कोणाचा पट सुटत नाही.

अपाय होतो तो आठवडाभर बेसुमार खाऊन मग वजन घाईने उतरवण्याने. ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर १९९७ या ३३ दिवसांत अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असे वजन उतरवताना प्राणास मुकले. पाणी तोडायचे आणि घाम गाळण्यासाठी रबरी पोशाख चढवून गरम खोलीत व्यायाम करायचा, हा त्यांचा मार्ग होता. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने तशा पोशाखांवर बंदी घातली आणि प्रत्येक मल्लासाठी किमान वजन ठरवून देण्याची पद्धत आणली. आपल्याकडील पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. मुलाने सणात दोन घास अधिक खाल्ले तर त्याला रागावू नये. मात्र पाणी तोडून वजन उतरवू पाहील, तर त्याला अवश्य थांबवावे.

सण आणि साधना यांत मुळात वैर आहे, असे आम्हांस वाटत नाही. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी उठून अंगाला तेल चोळण्याची जी रीत आहे, ती पैलवानाला नवी नाही. पहाटे उठणे आणि मालीश या दोन्ही गोष्टी तो वर्षभर करतोच. त्या पहाटे घर जागे होण्यापूर्वी पाव तास जोर मारले आणि मग आईच्या हातचे तेल लावून घेतले, तर सण आणि सराव एकाच वेळी साजरे होतील.

अडचण येते ती निराळीच. सेमिनरीत घंटा आम्हांस उठवीत असे. सुट्टीत घरी ती घंटा नसे. तालमीतल्या मुलाचेही तसेच आहे. वस्तादांची हाक पुण्यात राहते आणि मुलगा गावी येतो. म्हणून परतीची वेळ आधीच ठरलेली असावी आणि ती दुसऱ्या कोणास ठाऊक असावी. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली स्थापन केलेल्या टोकियोच्या कोडोकान संस्थेत याची सुंदर व्यवस्था आहे. नववर्ष हा जपानी लोकांचा सर्वांत मोठा सण. तो सरताच जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत तेथे सलग काही दिवस भल्या पहाटे सराव चालतो. त्यास कांगेइको, म्हणजे थंडीतला सराव, असे म्हणतात. सारे दिवस हजर राहणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. सण संपल्यावर कोठे जायचे, हे प्रत्येकास सणापूर्वीच माहीत असते, आणि तेथे एकट्याने जायचे नसते.

आपल्या गावागावांतील तालमींना आणि कराटेच्या वर्गांना हे करणे अवघड नाही. सुट्टी लागण्यापूर्वी प्रशिक्षकांनी परतीचा दिवस फळ्यावर लिहावा आणि मुलाच्या घरीही सांगावा. एकाच गावच्या दोघांची जोडी लावून द्यावी, म्हणजे एकाने दुसऱ्याला हाक मारता येईल. भाऊबिजेनंतरच्या एखाद्या सकाळी सर्वांनी मिळून हौदा खणावा. एखादा मुलगा ठरल्या दिवशी आला नाही, तर त्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या दारी जावे. माघापर्यंत थांबू नये. जड अंगाने आणि ओशाळल्या मनाने तो जेव्हा येईल, तेव्हा त्याची थट्टा होऊ देऊ नये. पहिल्या दिवशी त्याला थोडे जोर द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे.

वाचकहो, आपल्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर येत्या सणाला तिच्या पानात करंजी अवश्य वाढा. आणि वाढताना, परत केव्हा निघायचे, तेवढे मात्र विचारून ठेवा.