अंगठा कुठं कुठं गेला?

वाचकहो, शेतीखात्याच्या नोकरीत माझी तीस वर्षं गेली. खतं, बियाणं, कीड-रोग, काहीही विचारा, उत्तर तोंडपाठ. पण मंद्रूपच्या एका म्हातारीच्या साध्या प्रश्नापुढं मी गप्प झालो, त्याची ही हकिगत.

पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता गावात बऱ्याच जणांचा अडकला होता. ई-केवायसी, म्हणजे पैसे घेणारा माणूस आधारवरचाच आहे याची खात्री, राहून गेली होती. म्हणून आम्ही शिबिर लावलं. म्हातारीची पाळी आली, पोरानं यंत्र पुढं केलं, तसा तिनं हात पदराखाली घेतला.

"अंगठा कशाला?"

"पैसे यायला, आजी."

"रेशनला दिला, बँकेत दिला, परवा आनि कुठंतरी दिला. त्यो कुठं कुठं जातुया, ते सांग आदी."

मागं माणसं उन्हात ताटकळलेली. मी वैतागून म्हणालो, "सरकारी काम आहे, द्या अंगठा." तिनं दिला. खुरपून, ज्वारी काढून रेषा झिजलेल्या. चौथ्या खेपेला यंत्रानं घेतला. जाताना म्हणाली, "माज्या सासऱ्यानं बी असाच दिला हुता. चार एकर गेलं."

रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा राग त्या कागदांवर होता. पुढं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. कर्जरोखा सरकारी नोंदणीदारासमोर व्हायचा, आणि शेतकऱ्याला पावती नि हिशेब मागायचा हक्क मिळाला. म्हातारी तरी दुसरं काय मागत होती? दिलेल्या अंगठ्याचा हिशेबच ना!

शिकलेली मंडळी म्हणतात, खेड्यात कसली आलीय खासगी बाब? कुणाच्या चुलीवर काय शिजतं ते गल्लीला ठाऊक, सातबारा तर कुणीही बघावा. खरं आहे. पण शेजाऱ्याला माझं ठाऊक असतं, तसं त्याचंही मला ठाऊक असतं. यंत्राच्या पलीकडं कोण बसलंय, ते म्हातारीला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी सरकारी योजनांसाठी आधार चालेल, असंही न्यायालयानं सांगितलं. दोन्ही निकाल मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण शिबिरात एकही आठवला नाही.

मग चौकशी केली. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठं, कधी वापरला गेला याची यादी दिसते. अंगठ्याला कुलूपही घालता येतं. मात्र रेशनच्या दिवशी ते उघडायचं विसरलं तर खेप वाया. पण यादी बघायला आधारला जोडलेला मोबाईल लागतो, आणि म्हातारीचा जोडलेलाच नव्हता. म्हणजे प्रश्नाचं उत्तर होतं, फक्त जिनं विचारला तिलाच ते मिळत नव्हतं.

तिच्या घरी गेलो. शिबिरात तोडून बोललो, त्याबद्दल आधी माफी मागितली. नातवाबरोबर ती आधार केंद्रावर जाऊन नंबर जोडून आली, आणि काही दिवसांनी ओसरीवर बसून मी यादी वाचून दाखवली. रेशनच्या नोंदी, बँकेची, आमच्या शिबिराची. प्रत्येकीला ती मान हलवी. शेवटची नोंद एका मोबाईल कंपनीची निघाली.

"ह्यो कवा दिला?" म्हातारी पुटपुटली. मग काहीतरी आठवून तिनं दाराकडं पाहिलं. "पेन्शनीचं काम हाय म्हनून दुकानात नेलं हुतंस न्हवं मला?"

नातू नवा फोन हातात घेऊन उभा होता. तो हळूच गोठ्याकडं सटकला.