मनात ठेवणे

जून महिना येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या भक्तीला वाहिलेला आहे. पुण्यात हे दिवस पहिल्या पावसाचे, शाळा उघडण्याचे आणि बहुधा पालख्यांच्या आगमनाचेही असतात. तुकोबांची पालखी आमच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला येते. तेथून थोड्याच अंतरावर, पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या जागेवर उभे असलेले आपले सिटी चर्च आहे. एकाच पेठेत भक्तीचे हे दोन प्रवाह पाहत आम्ही वाढलो.

आपल्या घराघरांतून पवित्र हृदयाची तसबीर असते. काट्यांचा मुकुट, भाल्याची जखम, वर ज्वाळा आणि क्रूस. फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील मठात संत मार्गारेट मेरी यांना 27 डिसेंबर 1673 रोजी या हृदयाचे पहिले महादर्शन घडले. 1856 साली पोप नववे पायस यांनी हा सण सार्वत्रिक ख्रिस्तसभेसाठी लागू केला. परंतु तसबिरीखाली रोज दिवा लावणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हा इतिहास कोठे ठाऊक होता? त्यांना एवढेच कळत होते की, हे हृदय उघडे आहे आणि जखमी आहे.

हृदयासाठी आपल्या मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. मन, अंतःकरण, काळीज. काळीज म्हणजे खरे तर यकृत. पण आईचे काळीज तुटते तेव्हा कोणी शरीरशास्त्र काढून बसत नाही. बायबलच्या हिब्रू भाषेतही असेच आहे. विलापगीताचा कर्ता आपल्या लोकांची दुर्दशा पाहून शोक करतो तेव्हा त्याचे यकृतच भूमीवर ओतले जाते. हिब्रू माणूस विचारही हृदयानेच करतो. म्हणूनच शलमोन राजा देवापाशी धन किंवा दीर्घायुष्य न मागता ऐकणारे हृदय मागतो.

या शब्दांमध्ये एक वाक्प्रचार मला नेहमी थबकवतो: मनात ठेवणे. कोणी दुखावले गेले की आपण म्हणतो, "जाऊ दे, मनात ठेवू नकोस." म्हणजे मनात ठेवणे हे अढी धरणे झाले. आणि संत लूक पवित्र मरियेविषयी दोनदा सांगतो की, घडलेल्या साऱ्या गोष्टी तिने आपल्या अंतःकरणात ठेवल्या. एकदा मेंढपाळ येऊन गेल्यावर आणि एकदा बाळ येशू मंदिरात सापडल्यानंतर. ठेवणे तेच, पण एका ठेवण्याने माणूस आतून कडू होतो, तर दुसऱ्याने त्याचे अंतःकरण प्रार्थनागृह होते. हा भेद मी आमच्याच घरात पाहिला.

आमचे मूळ गाव राहुरी तालुक्यातले. वडील नोकरीसाठी पुण्याला आले. थोरले काका शेतीवर राहिले. पुढे वाटणी झाली आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत असे काही बिनसले की अकरा वर्षे त्यांचे बोलणे नव्हते. वडिलांची तक्रार खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. दोघेही श्रद्धाळू, दोघेही रविवारची मिस्सा न चुकवणारे, आणि दोघांनीही ती विहीर मनात ठेवलेली.

आईने वाद घातला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती तसबिरीपुढे दिवा लावी आणि प्रार्थनेत दोन्ही घरांतील सर्वांची नावे मोठ्याने घेई. काकांचे नाव आधी, कारण ते थोरले. वडील भिंतीला टेकून ऐकत. ते उठून गेले नाहीत, आणि त्यांनी "आमेन"ही म्हटले नाही. नाताळात गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती करंज्यांचा डबा धाडी. डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत. काकू तो शेंगदाण्यांनी भरून पाठवीत. दोन भाऊ बोलत नव्हते. पण डबा जात-येत होता.

अकराव्या वर्षी काकांना शस्त्रक्रियेसाठी पुण्यात आणले. निरोप आला तेव्हा वडील बराच वेळ गप्प बसले, मग आईला म्हणाले, "रात्री मी थांबतो त्याच्यापाशी." त्या रात्री मीही सोबत होतो. पहाटे काकांनी विचारले, "विहिरीचं काय करायचं रे?" वडील म्हणाले, "विहीर आहे तिथंच आहे, दादा. तू झोप." एवढेच. वाटणी बदलली नाही, कागद फिरले नाहीत. पुढच्या पहिल्या शुक्रवारी मात्र काकांच्या नावानंतर "आमेन" ऐकू आले.

पोप फ्रान्सिस यांनी 24 ऑक्टोबर 2024 रोजी "दिलेक्सित नोस" हे विश्वपत्र पवित्र हृदयावर लिहिले. आई-आजीसोबत घरी केलेल्या सारणाच्या पदार्थांच्या कडा काट्याने दाबून बंद करण्यासारख्या साध्या आठवणींचा त्यात ते उल्लेख करतात आणि म्हणतात की, यंत्रांच्या आजच्या युगात अशा गोष्टी हृदयालाच जपता येतात. 21 एप्रिल 2025 रोजी ते प्रभुघरी गेले. ते वाचताना मला करंजीच्या कडेवरून फिरणारे आईचे कातण दिसले. क्षमा नावाची मोठी गोष्ट पुष्कळदा अशा लहान भांड्यातूनच ये-जा करीत असते.

प्रिय वाचकहो, आपल्या कुटुंबांतूनही एखादी विहीर असेल. जे घडले ते विसरा, असे शुभवर्तमान सांगत नाही; पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही जखमा राहिल्याच, आणि थोमाला त्याने त्या दाखविल्या. परंतु त्या जखमांतून त्याने शांती दिली. जे सोसले ते मनात राहणारच. ते दिव्याजवळ ठेवावे, ज्याने दुखावले त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे, आणि "आमेन" लगेच उमटले नाही तरी दिवा लावणे थांबवू नये. पवित्र मरियेप्रमाणे मनात ठेवण्याची कृपा प्रभूने आपणा सर्वांना द्यावी.