ऊन निवडताना

नोव्हेंबर लागला की आमच्या क्लबच्या दारावर रोज नवी पाटी दिसते. आज ट्रॉली आणू नये. आज दव गोठलं आहे, दहापर्यंत मैदान बंद. आज पहिले नऊ होलच खुले. खऱ्या ग्रीन झाकलेल्या असतात आणि फेअरवेवरच कुठेतरी गवत बारीक कापून तात्पुरती ग्रीन आखलेली असते. तिच्यावर पट मारला की चेंडू उड्या मारत जातो. इंग्लंडच्या मध्यभागातली ही चिकणमाती, पाणी मुरायचं नावच घेत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत टपालातून गुळगुळीत माहितीपत्रकं येऊन पडतात. वर निळं आकाश, खाली हिरवं गवत, मध्ये एक माडाचं झाड आणि झेंडा. खालचं नाव झाकलं तर ते थायलंड आहे, मॉरिशस आहे की कॅरिबियनमधलं एखादं बेट, हे कुणालाही सांगता येणार नाही.

मी मूळची जतची. आमच्याकडे ऊन ही टाळण्याची गोष्ट होती. मार्च ते जून डोक्यावर पदर किंवा टॉवेल, दुपारी दारं लोटलेली, गल्लीत टँकर आला की तेवढ्यापुरती सगळी घराबाहेर. त्या उन्हातून डॉक्टरकीच्या निमित्ताने निघाले ती या ढगांखाली येऊन स्थिरावले, आणि आता निवृत्तीनंतर पौंड मोजून ऊन विकत घ्यायला निघाले आहे. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

आमच्या घरात गोल्फ मी एकटीच खेळते. हे खेळत नाहीत. ह्यांचं मत असं की चांगलं चालणं आहे, त्यात काठ्या आणि चेंडू आणून विचका करू नये. त्यामुळे लांबच्या सुट्टीचं ठिकाण ठरवताना आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पक्ष बसतात. मला अठरा होल हवेत. ह्यांना इतिहास हवा, पुस्तकांचं दुकान हवं आणि बरं जेवण हवं.

पहिल्यांदा बाद झालं ते फ्लोरिडा. तिथे मैदानांची संख्या अफाट आहे. सॉग्रासचा सतरावा होल, पाण्याच्या मधोमध बेटासारखी ग्रीन, तो टीव्हीवर पाहून कुणाला मोह होत नाही? पण घड्याळ पाच तास मागे जातं. आयुष्यभर लोकांना झोपवून वेळेवर जागं करायचं काम केलं, त्यामुळे झोपेशी केलेली गंमत मला खपत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी बग्गी घ्यावीच लागते आणि फेअरवेच्या दोन्ही अंगांना घरांच्या रांगा. बग्गीत बसून, चेंडूपाशी उतरून, फटका मारून पुन्हा बसायचं, याला मी खेळ म्हणत नाही. तो बसचा प्रवास झाला. थायलंडचं घड्याळ तर सात तास पुढे. तिथल्या कॅडी बहुतेक बायका असतात, टोपीपासून हातमोज्यांपर्यंत उन्हाविरुद्ध पूर्ण बांधलेल्या. ग्रीनचा उतार त्यांच्याइतका अचूक वाचणारं कुणी नाही, असं खेळून आलेले सगळे सांगतात. मला ते चित्र जरा अडखळवतं. विकत आणलेल्या उन्हात मी उघड्या दंडांनी उभी आणि त्याच उन्हापासून अंग झाकत माझी पिशवी ओढणारी ती.

दुबई जवळ आहे, सोपी आहे, आणि जानेवारीत तिथली हवा खरोखर सुरेख असते. 1988 मध्ये एमिरेट्स क्लबचं मजलिस मैदान सुरू झालं. वाळवंटात सबंध गवताचं मैदान, आखातात तसं पहिलंच. त्याआधी तिकडे तेल शिंपडून घट्ट केलेल्या वाळूवर खेळत, आणि तिला ग्रीनऐवजी ब्राऊन म्हणत. आता ते हिरवं ठेवायला समुद्राचं पाणी गोडं करावं लागतं किंवा सांडपाणी शुद्ध करून फिरवावं लागतं. अभियांत्रिकी म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला त्या हिरवळीवर चालताना पायाखाली मीटर फिरतोय असं वाटत राहतं. केप टाऊनबद्दलही हीच शंका होती. 2018 च्या सुरुवातीला तिथे नळ बंद पडायची वेळ आली होती. माणशी दिवसाला पन्नास लिटर अशी मर्यादा घातली होती. आज ते संकट टळलेलं आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत केपसारखं कोरडं, लख्ख ऊन दुसरीकडे मिळणं कठीण. घड्याळ फक्त दोन तास पुढे. रात्री लंडनला बसा, सकाळी उतरा. आणि ह्यांच्यासाठी एक जादा आकर्षण: रत्नागिरीकडून शंभरेक वर्षांपूर्वी गेलेले कोकणी मुसलमान तिथे आजही स्वतःला कोकणी म्हणवतात. ह्यांचं आजोळ राजापूरचं. नकाशावर कुठेही कोकण सापडलं की ह्यांचा चेहरा उजळतो.

म्हणूनच मॉरिशसचं पारडं आमच्याकडे जड होतं. एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती, त्यातली पुष्कळशी कोकणातली. त्यांचे वंशज तिथे आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. इंग्रजांच्या पलटणींनी व्हाकोआला फार पूर्वीच गोल्फ सुरू केला. पण आजची मॉरिशसची झगमगीत मैदानं त्या परंपरेतून आलेली नाहीत. ती साखरेतून आली आहेत. युरोपीय संघ मॉरिशसच्या साखरेला चढा, ठरलेला भाव देत असे. 2006 पासून काही वर्षांत त्याने तो छत्तीस टक्क्यांनी उतरवला. त्याच्या थोडं आधीच सरकारने परदेशी माणसांना बंगले विकायची योजना आणली होती. ज्यांच्याकडे समुद्रालगत हजारो एकर ऊस होता त्यांनी हिशेब मांडला आणि उसाच्या जागी काही ठिकाणी फेअरवे आले. मैदानं देखणी आहेत. पूर्व किनाऱ्याला अनाहिता हे एर्नी एल्सने आखलेलं, आणि जवळच इलो सेर्फ बेटावर बर्नहार्ड लांगरचं, जिथे होडीनेच जावं लागतं आणि चेंडूंची जादा पिशवी न्यावी लागते. नैऋत्येला ल मॉर्नच्या डोंगराच्या पायथ्याशीही गोल्फ आहे. गुलामगिरीतून पळालेली माणसं त्या कड्याकपारींत लपत असत. 2008 मध्ये युनेस्कोने तो डोंगर जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

हे सगळं वाचताना ह्यांनी एक प्रश्न विचारला. ‘‘तू जिथे पट मारणार, तिथे आपल्याकडच्या कुणी ऊस तोडला असेल का गं?’’ असेलही, मी म्हटलं. उत्तर दिलं खरं, पण त्या प्रश्नाने माझी निवडीची रीतच बदलली. गवत कुठल्या जातीचं, वारा किती, ग्रीन किती वेगाची, हे मी आधी बघत असे. आता गवताखाली काय आहे तेही बघू लागले. आणि तिथून मी डर्बनला पोचले.

डर्बनचा पप्वा सेवगोलम भारतीयांना ठाऊक असायला हवा होता, पण क्रिकेटच्या गोंगाटात तो राहून गेला. करारावर नाताळ प्रांतात आलेल्या मजुरांच्या वंशातला हा मुलगा समुद्राकाठच्या बीचवुड मैदानावर कॅडी म्हणून वाढला. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. उजव्या हाताने खेळणारा माणूस काठी धरताना डावा हात वर ठेवतो आणि उजवा खाली. पप्वाचं उलट होतं. उजवा वर, डावा खाली. कुठलाही शिक्षक पहिल्या दिवशी मोडून काढेल अशी ती पकड. कुणी शिकवलंच नाही, म्हणून ती टिकली. ‘ऑइल ऑफ ओले’ हे चेहऱ्याचं मलम काढणाऱ्या ग्रॅहम वुल्फ नावाच्या उद्योजकाने त्याचा खेळ पाहिला, त्याला आपल्याकडे काम दिलं आणि युरोपला नेलं. 1959 मध्ये पप्वाने डच ओपन जिंकली. 1960 मध्ये पुन्हा, 1964 मध्ये तिसऱ्यांदा.

मधल्या 1963 सालची गोष्ट त्याच्या स्वतःच्या गावातली. डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन होती. वर्णभेदाच्या कायद्यांच्या काळात त्याला गोऱ्या खेळाडूंबरोबर मैदानावर उतरू दिलं, हीच मेहेरबानी. क्लबहाउसची पायरी मात्र बंद. तो जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. बाकीचे आत होते आणि विजेत्याला त्याचा चषक बाहेर पावसात दिला गेला. ते छायाचित्र जगभर गेलं. 1965 मध्ये त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, या खेपेस गॅरी प्लेअरला मागे टाकून. याच प्लेअरने त्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकून जगातल्या चारही मोठ्या स्पर्धांचा संच पूर्ण केला. त्यानंतर पप्वाला स्पर्धांचे दरवाजे बंद झाले. 1978 मध्ये तो गेला, गरिबीत. आता रिझर्व्हॉयर हिल्सकडच्या महापालिकेच्या मैदानाला त्याचं नाव आहे.

याच कंट्री क्लबच्या बाराव्या होलला प्रिन्स ऑफ वेल्सचं नाव आहे. छोटा पार-3, उंचावर अरुंद ग्रीन, दोन्ही बाजूंना तीव्र उतार. विसाव्या शतकाच्या विशीत राजपुत्र तिथे खेळले आणि चेंडू या बाजूने त्या बाजूला, त्या बाजूने या बाजूला घरंगळत राहून त्यांना सोळा फटके लागले, असं सांगतात. तीनच्या जागी सोळा! त्यांना चहा अर्थातच आत मिळाला असणार.

क्लबहाउसच्या आतलं आणि बाहेरचं, हा फरक मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. मी खेळायला लागले तेव्हा आमच्याच भागातल्या एका क्लबात शनिवारी सकाळी बायकांना खेळायची वेळ मिळत नसे. पुरुष आठवडाभर काम करतात, असं कारण. त्या आठवड्यात माझ्या रात्रपाळ्या असत. सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासदत्व 2014 मध्ये दिलं. म्युअरफील्डने 2016 मध्ये मत घेऊन नाही म्हटलं. मग ब्रिटिश ओपन हातची जाईल हे दिसल्यावर 2017 मध्ये हो म्हटलं. पप्वाच्या पावसाशी माझ्या शनिवारांची तुलना मी करणार नाही. पण डर्बनच्या त्या क्लबहाउसमध्ये शिरून खिडकीशी चहा प्यायची इच्छा मला झाली, तेवढं कारण मला सुट्टीसाठी पुरेसं आहे. मैदानही उगाच नावाजलेलं नाही. दाट झाडीने भरलेल्या वाळूच्या टेकड्यांतून वर-खाली जाणारे सुरुवातीचे होल, जवळच हिंदी महासागर, आणि चालत खेळता येतं.

ह्यांची सोय आपोआप झाली. शहराबाहेर फीनिक्स, जिथे गांधींनी 1904 मध्ये आश्रम वसवला. तासाभराच्या अंतरावर पीटरमारित्झबर्गचं रेल्वे स्टेशन, जिथे त्यांना 1893 मध्ये डब्यातून उतरवलं. जेवणाला बनी चाऊ, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेला झणझणीत रस्सा. ह्यांनी फोटो पाहिला आणि विरोधी पक्ष विसर्जित झाला.

एक अडचण राहिली, आणि माहितीपत्रकं नेमकी तीच लपवतात. डर्बन असो की मॉरिशस, आमच्या थंडीत तिकडे दमट उन्हाळा असतो. डर्बनला दुपारची वादळं, घामाच्या धारा. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. इंग्लंडच्या गारठ्यावर उतारा म्हणून विकलं जाणारं हे ऊन खरं चांगलं असतं ते जून ते सप्टेंबर, जेव्हा इथेही उशिरापर्यंत उजेड असतो आणि आमच्या क्लबच्या दारावर एकही पाटी नसते. म्हणजे चांगलं ऊन हवं असेल तर घरचा उन्हाळा सोडून जावं लागतं. क्लबातल्या मैत्रिणींना हा वेडेपणा वाटतो. थंडीतून पळायचंच असेल तर केप टाऊन गाठा, हा त्यांचा सल्ला अगदी बरोबर आहे. मी तरी डर्बनचं जुलैचं तिकीट काढलं आहे. तेव्हा तिथे दिवसा बावीस-तेवीस अंश, पाऊस जवळजवळ नाही, गवत थोडं पिवळट आणि चेंडू छान पळतो.

महाराष्ट्रातल्या गोल्फवाल्यांना मात्र ही अडचणच नाही. जुलै-ऑगस्टात पुण्या-मुंबईची मैदानं चिखलात असतात तेव्हाच डर्बन-मॉरिशसला कोरडं ऊन असतं. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्याला वेळ धरा. मॉरिशसला भारतीय पर्यटकांना तो उतरल्यावर मिळतो, फुकट. आणि मॉरिशसचे गणपती याच मोसमात येतात, तेव्हा तारखा पंचांग बघून ठरवा.