अर्ध्या सुताचं देणं

कऱ्हाडच्या माणसाला संगमाचं फारसं अप्रूप नसतं. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडताना लहानपणापासून पाहिलेल्या. त्यामुळे बँकेनं बदली करून टी. नरसीपूरला धाडलं तेव्हा कावेरी-कपिलेचा संगम, त्यातलं गुप्त स्फटिक सरोवर, १९८९ पासून तिथं सुरू झालेला कुंभमेळा, हे सगळं मी जरा आखडूनच ऐकलं. मला धरून ठेवलं ते सायकलदुरुस्तीच्या एका टपरीनं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळा बाजार अज्जा म्हणे, मीही म्हणू लागलो. त्यांच्या लेखी मी ‘सार’.

रविवारी सायकल काढायची आणि सोमनाथपूरचं १२५८ सालचं केशव मंदिर गाठायचं, नाहीतर तलकाड. तलकाडच्या वाळूनं देवळं गिळली, ती माझी चेन काय सोडणार! शिवाय सुगीत इकडचे शेतकरी नाचणी, हुलगा थेट डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या फुकटात मळणी करून देतात, आणि सायकलवाल्याच्या फ्रीव्हीलला काडाचे वेढे बसतात.

अज्जा चेन आधी मोजत, मग धूत. पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. अर्धं सूत वाढलं की सावध व्हायचं. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात तर दातेरी चक्रंही बदलावी लागतात. हान्स रेनॉल्डनं १८८० मध्ये मँचेस्टरला रोलर चेनचं पेटंट घेतलं, हे अज्जांच्या गावीही नव्हतं. पण त्या चेनीचं मर्म त्यांना पक्कं ठाऊक होतं: झीज बाहेर दिसत नाही, ती आत, पिन आणि बुशच्या मध्ये होते. तेलात कालवलेली वाळू तिथं शिरते आणि कानशीसारखी चालत राहते.

धुवायचं कशानं, यावर त्यांची मतं ठाम होती. पेट्रोल नको; शेजारी कोण विडी पेटवील सांगता येत नाही. डिझेल सुकता सुकत नाही. बाथरूमचं अॅसिड तर दुकानात आणायचंच नाही. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, हे मी पुढे वाचलं. अज्जांनी मला फक्त एक तडकलेली पट्टी दाखवली होती. राहता राहिलं रॉकेल. लॉक काढून चेन डब्यात बुडवायची, खळखळवायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, मग ताज्या रॉकेलात पुन्हा एकदा. नंतर वास जाईपर्यंत उन्हात टांगून ठेवायची. या टांगण्यावर त्यांचा फार कटाक्ष. आत रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होतं, सगळा खटाटोप वाया. वापरलेलं रॉकेल बाटलीत निवळत ठेवत आणि वरचं पुढच्या पहिल्या धुण्याला घेत. तळाचा काळा गाळ मी एकदा गटाराकडे नेऊ लागलो, तर म्हणाले, “ते कुठं जातं सार? कावेरीतच ना?”

इथल्या गुंजा नरसिंहाच्या हातात गुंज आहे; काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर जड, अशी गावाची श्रद्धा. तेलाच्या बाबतीत अज्जाही गुंजेचेच हिशेबी. एका रोलरला एक थेंब, पायडल फिरवून तो आत मुरवायचा, आणि बाहेरचं तेल फडक्यानं निपटून काढायचं. शेवटी लॉक, बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

पंक्चरचे पैसे ते मोजून घेत, शिकवण्याचे कधीच नाहीत. मी कर्जखात्यातला माणूस, तारणाशिवाय कुणाला काही देऊ नये या शिस्तीतला. त्यांनी मात्र संध्याकाळच्या संध्याकाळी मला उधार दिल्या.

पुढे पुण्यात गिअरची सायकल घेतली. दुकानातल्या डिग्रीझरच्या फळीसमोर उभा राहिलो तो अज्जांचेच प्रश्न घेऊन: हे सुकल्यावर मागं काय उरतं? रबराला लागलं तर? हातांना? नि धुतल्यावरचं पाणी कुठं जाणार? पाण्यात मिसळणारं निवडलं. त्यानं चेन धुतली की लगेच पाण्यानं खळबळून कोरडी करावी लागते, नाहीतर गंज धरतो; तेवढी शिस्त अंगी लागलेली होती. नरसीपूरला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर अज्जांसाठी मात्र संत्र्याच्या सालीच्या तेलाचं पाठवलं, त्यांच्या नाकाला रॉकेलपासून जरा सुट्टी म्हणून.

निरोप आला: “सार, साखळीला संत्री पाठवलीत. मला?”

पुढच्या खेपेला नागपुरी संत्र्यांची पेटी घेऊन स्वतः गेलो. अज्जांनी एक फळ सोललं, हात फडक्याला पुसले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, “बँकेनं व्याज आणलंय.”